तुझ्या मातीला कागद आणला नाही

आत्या, तुझ्या मातीला मी कागद आणला नव्हता, हे सगळ्यात आधी सांगून टाकते. नाहीतर तुझा जीव त्यातच अडकून राहील. पर्समध्ये चष्मा होता, गाडीचं तिकीट होतं, आदल्या दिवशी तुझ्या सुनेनं, लतानं फोन करून सांगितलेल्या तुझ्या बीपीच्या गोळ्या होत्या. त्यांचा आता काय उपयोग, हे माझ्या ध्यानात आलं ते पार निम्म्या वाटेत. पण कागद नव्हता. तुला दिलेला शब्द मी पाळला. त्या शब्दाचं पुढं काय झालं, हे मात्र तुला लिहूनच सांगावं लागणार, आणि त्यावरून तू मला हसणार. हस.

परवा तुझं तेरावं झालं. बुंदी कडक झाली होती. तू असतीस तर आचाऱ्याला चार शब्द सुनावले असतेस आणि दोनदा वाढून घेतली असतीस.

तू कोण होतीस, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं म्हणजे माझी पंचाईतच होते. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली बाई, एवढं सांगितलं की लोक माना हलवतात. पण शिरूरच्या आसपासच्या गावांत तुझं नाव निघायचं ते रडण्यावरून, हे सांगितलं की दचकतात. आपल्याकडं कुणी गेलं की बाहेरून आलेल्या बाया गल्लीच्या कोपऱ्यापासूनच हेल काढून रडायला लागतात, बोलून रडतात. गेलेल्याला हाक मारायची, त्याचे गुण काढायचे, त्याला जाब विचारायचा, आणि हे सगळं चालीत, जागच्या जागी जुळवून. रडतात सगळ्याच, बोलणं सगळ्यांना जमत नाही. तुला जमायचं. मेंढरांना या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक घालून तयार झालेला गळा होता तुझा. "गिरजा आली का गं?" असं विचारून माणसं थांबायची आणि तू येईपर्यंत तिरडीला हात लावायची नाहीत.

आणि तू काही रडकी बाई नव्हतीस, हे कुणाला खरं वाटत नाही. सगळ्या गल्लीला रडवून झालं की तू घरामागं जायचीस, बोटावर मिश्री घ्यायचीस, आणि मी जवळपास असले तर हळूच विचारायचीस, "बरं झालं का गं?" मी म्हणायची, "झालं." मग तू विचारायचीस, "लई बरं, का नुस्तं बरं?"

पालीची गोष्ट मी वर्गात मुलांनासुद्धा सांगते. "पालीचे तात्या गेले" असा निरोप आला. तुझ्या नात्यात पालीला दोन तात्या, लागून असलेल्या गल्ल्यांत. निरोप देणाऱ्याच्या मनात एक, तुझ्या मनात दुसरा. जीपमधून उतरलीस, कोपऱ्यावर पदर पुढं ओढलास आणि सुरू झालीस, "अरं तात्या, धरनावानी भरलेला व्हतास रं, कुनी दार उघडलं, कुठं व्हावून गेलास..." असं रडत रडत दारात पोचलीस, तर तात्या ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "थांबलीस कावून गिरजे? बोल की फुडं. मेल्यावर मला कुठं ऐकू येनार हाय?"

तू खरंच बोललीस म्हणे. पण चार ओळींतच आटलं. "समोर मानूस बसून मान डोलवाया लागला की रडनं येतच न्हाई बाय, त्याचं गानं व्हतं," असं तू मला सांगितलं होतंस. कवितेवर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आणि थोडी दिलीही, पण ऐकणारा बदलला की कविता कशी बदलते, हे मला त्या ओट्याच्या गोष्टीतून समजलं. त्या तात्यांनी मग पुढं वर्षानुवर्षं तुझ्यामागं टुमणं लावलं, "माझं आर्धं ऱ्हायलंय बरं का गिरजे." ते गेले तेव्हा तू कोपऱ्यावरून सुरुवातच अशी केलीस, "मागं आर्धंच दिलतं रं तात्या, आता बाकीचं घे." रडता रडता बायांना हसू फुटलं. तात्यांच्या बायकोला सगळ्यात आधी फुटलं.

माझे वडील गेले तेव्हा मात्र मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मराठीची प्राध्यापिका मी, शब्दांवर पोट भरणारी, त्यांच्या पायाशी उभी राहिले आणि तोंडातून एक शब्द फुटेना. मग कोपऱ्यावरून तुझा आवाज आला.

"माझ्या पाठच्या रं, माझ्या पाठीवर बसून साळंला गेलास,
वढ्याला पानी आलं तवा माझा खांदा धरलास,
आज चार खांदे केलेस रं दादा,
त्यात माझा न्हाई धरलास."

तू त्यांना पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचीस, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ओढ्यापलीकडं शाळा होती. त्यांना दारात उतरवून तू परत मेंढरांकडं जायचीस. हे वडलांनी मला कधी सांगितलं नाही, तूही नाही. त्यांनाच सांगितलंस, सगळ्यांदेखत, आणि मी कडेला उभी राहून ऐकलं. त्या वेळी तू बोलली नसतीस तर मी आतल्या आत दगड होऊन गेले असते. हे तुला मी कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

दहाव्यानंतर मी ते आठवून आठवून लिहून काढलं. कागदावर दहा-बारा ओळी भरल्या, आणि तू तर गल्लीच्या कोपऱ्यापासून तिरडी उचलेपर्यंत बोलत होतीस. बाकीचं कुठं गेलं ते शोधत बसले. काही तुझ्या दमात गेलं होतं, काही हुंदक्यात, काही बायांनी मागून धरलेल्या "गं माय" मध्ये. ते कागदावर कसं उतरवायचं, ते मला आजही माहीत नाही.

पुढं हैदराबादला एक चर्चासत्र होतं. मी त्या ओळी इंग्रजीत केल्या. पहिल्याच शब्दाशी अडले, 'पाठचा'. इंग्रजीत धाकटा भाऊ झाला, पाठ गेली. पाठ गेली तर पुढच्या ओळीत त्याला बसवू कुठं? शेवटी तळटीप दिली. बाई रडते आहे आणि खाली बारीक अक्षरांत तळटीप! पण वाचून झालं तेव्हा खूप टाळ्या झाल्या. मी त्याच तोऱ्यात तुझ्याकडं आले. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस.

"टाळ्या वाजवल्या?" तू विचारलंस. "रडनं ऐकून?"

"हो. मोठमोठी माणसं होती."

"मेलं कोन व्हतं तितं?"

"कुणीच नाही गं आत्या. चर्चासत्र होतं."

"मंग माझ्या भावाला आनिक एकडाव मारलंस म्हन की."

मी चिडले. मी म्हटलं, मारलं नाही, जपलं. तू बोलतेस आणि विसरून जातेस. उद्या तू नसशील तेव्हा हे कुणाला ठाऊक असणार? तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "आलं, गेलं. त्याच्यासाठी व्हतं, त्यो घिऊन गेला. तू कावून आडवी पडतीस?" मग टम्म फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकताना तू चुलीकडंच बघत विचारलंस, "लई वाजवल्या का?"

"लई."

"हं," म्हणालीस, आणि भाकरीवर लोणी जरा जास्तच घातलंस.

हा वाद तू जिंकलीस, असं समजू नकोस. काशीचं आठव. तुझ्या शेजारच्या गयाबाईची लेक. गयाबाई गेली ती ऐन ऊसतोडीच्या हंगामात. काशी आणि तिचा नवरा तिकडं लांब कर्नाटकात कोयत्यावर. निरोप मिळून निघेपर्यंत इकडं सगळं उरकलं होतं, म्हणून ती आलीच नाही. हंगाम संपल्यावर आली ती घरी न जाता तुझ्या दारात बसली. "गिरजाआत्या, माझ्या आईला काय बोललीस गं?"

तू गांगरलीस. मी तुला तशी कधी पाहिली नव्हती. "चांगलं बोलले बाय," म्हणालीस. "चांगलं म्हंजी काय?" काशी हटेना. तुला आठवेना. तुझ्या त्या 'आलं, गेलं'ला त्या पोरीपुढं उत्तरच नव्हतं. गयाबाईच्या मातीला मीही होते आणि घरी जाऊन सवयीनं लिहून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी मी तो कागद घेऊन आले आणि वाचायला लागले. वाचायला म्हणजे कसं, वर्गात धडा वाचतात तसं, पूर्णविराम पाळत.

"अगं गया, चुलीवर दूध ठिवून कुठं गं गेलीस, उतू गेलं तर उतरवंल कोन? तुझ्या चुलीतला इस्तू नेऊन माझी चूल पेटायची, आता माझ्या घरात जाळ कुठून आनू?"

दुसऱ्या ओळीला काशीचा बांध फुटला. आणि मग तू मध्ये शिरलीस. मी ओळ वाचायची आणि तू तीच उचलून हेल लावायचीस. तुझं तुलाच परत मिळत होतं, माझ्या हातून. गयाबाई जाऊन महिने लोटले होते, पण काशीच्या आईची माती त्या दिवशी झाली. आत्या, त्या दिवशी तू कागद रडलीस. लिहिण्याबद्दल मला आयुष्यात याहून मोठी पावती मिळालेली नाही.

अर्थात तू तसं कबूल करणार थोडीच. काशी गेल्यावर मिश्रीची डबी उघडत म्हणालीस, "येवढं बरं बोलले व्हते व्हय मी?" आणि लगेच, "पर तू चुकलीस. मी दूध म्हनलेच न्हवते. 'ताकात रवी ठिवून कुठं गेलीस' असं म्हनले व्हते. गयाकडं दूध कुठलं?"

"शेळी होती की तिच्याकडं."

"शेळीचं दूध उतू जायाला आधी भांडं तर भरू दी."

मी माझ्या कानांनी दूध ऐकलं होतं. त्या गोष्टीवरून आपण पुढं किती भांडलो! फोनवर भांडलो, लग्नाच्या पंगतीत भांडलो. एकदा तर तू दवाखान्यात सलाइन लावलेल्या हातानं रवी फिरवून दाखवलीस आणि नर्स तुझ्यावर ओरडली.

त्याच आजारातून उठल्यावर, श्रावणात, तू मला कपिलधारला घेऊन चल म्हणालीस. मला वाटलं दर्शन घ्यायचं असेल. दर्शन पटकन उरकलंस आणि मला हाताला धरून धबधब्याजवळ नेलंस. पाणी जोरात पडत होतं. तू माझ्या कानाशी ओरडलीस, "आता रड."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. जित्या मानसाचं घरात रडू न्हाई, लता मला घराभायेर काढंल. हितं पान्यात कुनाला ऐकू येतंय?"

मी हसले. तू हसली नाहीस. "म्या समद्यांचं बोलले," म्हणालीस. "माझं कोन बोलंल? लता रडंल, पर मुकी रडंल. दुसऱ्या कुनाला येत न्हाई आता, समदी फोनवर फोटू टाकत्यात. माझी माती मुकी जाऊ दिऊ नको गं." तुला मरणाची फिकीर नव्हती, या एका गोष्टीची होती. तुझ्या डोळ्यांत भीती मी तेवढी एकदाच पाहिली.

मग मी प्रयत्न केला. "हे आत्या, तू आम्हां सर्वांची..." इथवर पोचले, तर तू कपाळाला हात लावलास. "ह्ये काय भाषन हाय? झेंडावंदन हाय का माझं?" पुन्हा सुरू केलं. तुझे कष्ट, तुझी माया, सगळं ओळीनं मांडलं. तू म्हणालीस, "गुनच गुन सांगतीस. भांड की! मेलेल्याशी भांडलं न्हाई तर त्यो परक्यावानी वाटतो." मग मी पाण्याच्या वर आवाज काढून ओरडले, "आत्या गं, दूध म्हनली व्हतीस, ताक ताक करीत गेलीस..." आणि आपण दोघी अशा हसत सुटलो की शेजारी फोटो काढत उभं असलेलं कुटुंब मुलांना घेऊन लांब सरकलं. तुला हसून हसून ठसका लागला. मी तुझी पाठ चोळत राहिले.

परतताना पायऱ्यांवर तू माझं मनगट धरलंस. "कागद आनू नको. तोंडानं बोल. जमंल तसं बोल. चुकलं तर मी सांगंन की." एवढं बोललीस आणि तुझ्याही लक्षात आलं, माझ्याही. स्टँडवर येऊन उसाचा रस घेतला आणि तू रसवाल्याशी बर्फावरून भांडलीस.

आणि मग तू गेल्याचा लताचा फोन आला. गाडीत मी सगळी वाट एकही ओळ जुळवली नाही. मनात ओळ यायला लागली की तिला हाकलायची. मनात जुळवली तर ती कागदासारखीच होईल, अशी मला धास्ती वाटत होती. पण काहीच घेऊन न जाणं म्हणजे काय, हे गल्लीच्या कोपऱ्यावर उतरल्यावर कळलं. बाया रडून रडून थकल्या होत्या. मला बघितल्यावर त्या गप्प झाल्या आणि त्यांनी वाट करून दिली. लता तुझ्या उशाशी बसली होती, अगदी तू म्हणाली होतीस तशी, मुकी. वडलांच्या पायाशी उभी होते तशीच पुन्हा उभी राहिले, आणि या वेळी कोपऱ्यावरून तुझा आवाज येणार नव्हता. दाराशेजारच्या कोनाड्यात तुझी मिश्रीची डबी होती, झाकण अर्धवट लावलेलं. तिच्याकडं मी बघितलं, एवढं मला आठवतं.

त्यानंतर आठवतं ते हे, की मी जमिनीवर बसले आहे, काशी मला पाणी पाजते आहे आणि माझा घसा पार फाटून गेला आहे.

मधलं काही म्हणजे काहीच आठवत नाही, आत्या. मी, जी दुसऱ्यांचं रडणं घरी जाऊन शब्दन्‌शब्द लिहून काढायची, तिला स्वतःचं एक अक्षर आठवत नाही. बीडला येऊन रोज टेबलाशी बसले. पहिली ओळ काय होती, कुठून सुरुवात केली, काही सापडेना. दहाव्याला आले तेव्हा लताला विचारलं. ती म्हणाली, "लई बोललात ताई. समदी गल्ली रडली." काय बोलले? "आता ते मला कसं सांगता यील?" शेजारच्या म्हातारीला विचारलं, ती म्हणाली, "गिरजावानीच." तेव्हा मला आठवली तुझ्या दारात बसलेली काशी. आणि तुझं 'आलं, गेलं', जे मला इतकी वर्षं तुझा आळशीपणा वाटत होतं.

तेराव्याला भांडी घासता घासता काशीनंच विषय काढला. तिची टोळी पुढच्या आठवड्यात निघायची आहे, म्हणून असेल. "ताई, तुमी समद्यांना इचारताय म्हनं. मला एकच वळ ध्यानात ऱ्हायली." मी तिच्यासमोर तिथंच ओल्या जमिनीवर बसले. तिनं इकडंतिकडं बघितलं, घरात कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि राखेनं भरलेले हात तसेच धरून हळू आवाजात, तुझ्याच चालीत म्हटलं,

"उठ गं आत्या, बोलले मी तोंडानं, आता चूक काढ की माझी..."

"आन् मंग?" मी विचारलं.

"मंग तुमी गप बसला. लई येळ. आमाला वाटलं, वाट बगताय."

बघत असणार, आत्या. अजून बघते आहे. तू कागद नको म्हणाली होतीस, तरी हा लिहिलाच, आणि गयाबाईच्या चुलीवर मी दूधच ठेवलं आहे. काढ चूक.